रूपकुंडाची वाट

वाणच्या पुढे गाव नाही. उत्तराखंडाच्या चमोली जिल्ह्यात, त्रिशूळ आणि नंदाघुंटी या शिखरांच्या दक्षिणेला हे गाव आहे. गावाच्या डोक्यावर जुन्या, प्रचंड वृक्षांच्या सावलीत लाटू देवाचं देऊळ आहे, आणि तिथून पुढे माणसाची कायमची वस्ती संपते. वर चढणारी वाट गैरोली पाताल, बेदिनी, पातर नचौनी, कैलू विनायक, बगुवाबासा अशी ठिकाणं ओलांडत ५,०२९ मीटरवर रूपकुंडाला पोचते. तळं लहानसंच. व्यास जेमतेम ४० मीटर, आणि वर्षातले बहुतेक महिने ते गोठलेलं असतं.

रूपकुंडाचं नाव निघालं की बोलणं तिथल्या हाडांपासून सुरू होतं. मला ते वाटेपासून सुरू करायचं आहे. ती हाडं ज्यांची आहेत ती माणसं या वाटेने स्वतःच्या पायांनी चालत आली होती. ती का आली असतील, या प्रश्नाचं निम्मं उत्तर तळ्यात आहे आणि निम्मं वाणच्या वरच्या चढावर.

मी पुण्यात शाळेत इतिहास शिकवायचे. हिमालयात जायला लागले ती सह्याद्रीत पाय तयार झाल्यावर, आमच्या पिढीतल्या बहुतेक ट्रेकर्ससारखीच. रूपकुंडाला गेले तेव्हा वाटेवर मुक्कामाला अजून बंदी नव्हती. वाणच्या अलीकडे लोहाजंगला जीपमधून उतरायचं, खेचरांवर तंबू लादायचे आणि निघायचं. आमचा वाटाड्या वाणचाच होता. पहिल्या दिवसापासून तो एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी आम्हाला गोष्ट सांगत नेत होता, आणि माझ्या लक्षात आलं की या वाटेवरची बहुतेक नावं म्हणजे एकाच कथेतले प्रसंग आहेत.

कथा नंदादेवीची. नंदा ही गढवालची लेक आणि कैलासावर तिचं सासर. माहेरून सासरी जाताना तिला तहान लागली, शिवाने त्रिशूळ रोवून पाणी काढलं, त्या पाण्यात तिने आपलं रूप पाहिलं, ते रूपकुंड. पुढे कनौजचा राजा जसधवल राणी बल्पाला घेऊन नंदेच्या यात्रेला निघाला. राणी गरोदर होती. यात्रेत सोवळं पाळायचं, पायी चालायचं, देवीचं नाव घ्यायचं, हे सगळं सोडून राजाने बरोबर नाचणाऱ्या बायका घेतल्या. बेदिनीच्या वर एका पठारावर त्यांचा नाच झाला. देवीच्या कोपाने त्या तिथेच जमिनीत गेल्या, ती जागा पातर नचौनी. तिथे दगड आणि खड्डे दाखवतात. आणखी वर, खडकाच्या आडोशाला राणी बाळंत झाली. त्या जागेला बल्पा सुलेडा म्हणतात. सोयराचा विटाळ देवीच्या वाटेवर झाला म्हणून नंदेने गारांचा पाऊस पाडला. जागरांमध्ये, म्हणजे देवीच्या गाण्यांमध्ये, या गारा लोखंडाच्या गोळ्यांसारख्या होत्या असं गातात. राजा, राणी, दासदासी, शिपाई सगळे रूपकुंडाच्या काठावर मेले.

कथा म्हणून ती कठोर आहे. बाळंतीण बाईच्या विटाळाने शेकडो माणसं मारणारी देवी मला मान्य होत नाही, आणि मी ते वाटाड्याला बोलूनही दाखवलं. त्याने शांतपणे सांगितलं, ‘दीदी, चूक राणीची नव्हती. राजाने तिला आणायलाच नको होतं.’ गावात ही कथा अशीच ऐकली जाते, राजाच्या मस्तीची कथा म्हणून. डोंगर चढायचे काही नियम आहेत आणि ते राजालाही लागू आहेत, एवढं त्यातून पोरासोरांना कळतं.

हे नियम नंदादेवी राजजातीत दिसतात. नौटी हे कर्णप्रयागजवळचं गाव, तिथून ही यात्रा निघते. शेजारच्या कांसुवा गावचे कुंवर, म्हणजे गढवालच्या राजघराण्याचे वंशज, रिंगाळ नावाच्या बांबूच्या काड्यांची छंतोली, म्हणजे देवीची छत्री, आणि चार शिंगांचा मेंढा घेऊन येतात. नंदेच्या प्रदेशात असा मेंढा जन्माला आला की यात्रेची वेळ झाली असं मानतात. मेंढ्याच्या पाठीवर देवीचे कपडे, दागिने, खाऊ असं सगळं बांधतात. सुमारे २८० किलोमीटरची ही वाट. गावोगावच्या डोल्या मिळत जातात, वाणला लाटू देव पुढे होतो. तो नंदेचा भाऊ, म्हणून तिच्या पुढे चालायचा मान त्याचा. बेदिनी, पातर नचौनी, रूपकुंड आणि त्याच्या माथ्यावरची जुरांगली खिंड ओलांडून यात्रा होमकुंडाला पोचते. तिथे पूजा होते आणि मेंढा एकट्याने पुढे, बर्फाकडे सोडून देतात. माणसं मागे वळतात.

ही यात्रा बारा वर्षांनी एकदा, असं सांगतात. प्रत्यक्षात गेल्या साठ वर्षांचा हिशेब पाहिला तर ती १९६८, १९८७, २००० आणि २०१४ मध्ये झाली. मेंढा मिळायला हवा, ऋतू साधायला हवा, गावांचं एकमत व्हायला हवं. वाणच्या पुढे चामड्याची वस्तू न्यायची नाही, हा जुना दंडक. बायकांनी जायचं नाही हाही होता, आणि तो मोडला हे चांगलंच झालं. पण एक गोष्ट मी इतिहासाची शिक्षिका म्हणून आवर्जून नोंदवेन. इतक्या उंचीवर मोठ्या संख्येने माणसं नेणारी ही प्रथा दोन यात्रांमध्ये बारा-बारा वर्षं, कधी त्याहून जास्त, डोंगराला मोकळा सोडत होती. मधल्या वर्षांत दर भाद्रपदात छोटी लोकजात निघते ती बेदिनीच्या कुंडापर्यंत जाते, तिथे पूजा करते आणि परत फिरते. बेदिनीच्या वर रोजच्या माणसाचं काम नाही, एवढी रेघ लोकांनी आपणहून आखलेली होती. मेंढपाळ वर जात, औषधी मुळ्या खणणारे जात, पण मोजके आणि आपापल्या महिन्यात.

लोकजात बेदिनीला पोचते ती नंदाष्टमीच्या सुमाराला, भाद्रपद शुद्ध सप्तमी-अष्टमीला. मराठी घरात वाढलेल्या कोणालाही ही तारीख ओळखीची वाटेल. त्याच दिवसांत आपल्याकडे अनुराधा नक्षत्रावर गौरी येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर निघतात. आपण निघताना मुरडीचा कानवला देतो, लेकीने परत वळून यावं म्हणून. वाणला वाटाड्याच्या काकूने आम्हाला वाटेत खायला अरसे बांधून दिले. भिजवलेल्या तांदळाचं पीठ, गूळ आणि तळण. चव थेट आपल्या अनारशाच्या जवळची, फक्त वर खसखस नाही. लेक सासरी निघाली की तिच्या शिदोरीत अरसे घालायचे, अशी गढवालातली रीत. त्या काकू मला म्हणाल्या की नंदेलाही तेच देतात. एकमेकांपासून इतक्या दूरच्या एका पहाडी आणि एका पठारी मुलखात एकाच पंधरवड्यात एक देवी माहेरवाशीण असते, तांदूळ-गुळाचं गोड खाऊन निघते. हे कुठून कुठे गेलं हे शोधायच्या मागे मी लागले नाही. मला एवढंच कळलं की या वाटेवर मी सर्वस्वी परकी नव्हते.

बगुवाबासा हा तळ्याखालचा शेवटचा मुक्काम, सुमारे ४,३०० मीटरवर. नंदेचा वाघ इथे राहतो असं मानतात. गवत तिथे संपतं आणि सगळीकडे काळसर, पातळ चिपांचा घसारा सुरू होतो. ऑगस्टमध्ये याच दगडांत ब्रह्मकमळं उगवतात आणि नंदाष्टमीला ती देवीला वाहतात. आम्ही गेलो तेव्हा सप्टेंबर सरत आला होता, फुलं वाळून कागदासारखी झाली होती. पहाटे तीनच्या सुमाराला चहा घेऊन निघालो. ऊन लागून दगड सैल व्हायच्या आत वर पोचून परत फिरायचं असतं. शेवटच्या चढावर वाटाड्या कुऱ्हाडीने बर्फात पायऱ्या काढत पुढे चालला होता.

तळं एका खोलगट वाटीच्या तळाशी आहे. तीन बाजूंनी घसाऱ्याचे उतार आणि वर जुरांगलीची धार. पाण्याच्या कडेला बर्फाचा पातळ पापुद्रा होता. उत्तरेकडच्या उतारावर दगडांच्या फटींत हाडं होती. मांडीचं एक हाड मी बराच वेळ पाहत राहिले. वरचा गोल माथा अजून गुळगुळीत होता, दांडा उन्हापावसाने पांढरा पडून उभा चिरत गेला होता आणि चिरेत हिरवट शेवाळ धरलं होतं. शेजारी मणक्याचे दोन तुकडे. त्यांच्या आकारावरून कळत होतं की माणूस मोठा होता, पण हाडाच्या कडा झिजलेल्या नव्हत्या, म्हणजे म्हातारा नसावा असं मला वाटलं. थोड्या अंतरावर एका सपाट शिळेवर कोणीतरी कवट्या नीट रांगेत मांडून ठेवल्या होत्या, फोटोसाठी. त्यातल्या एका कवटीच्या डोळ्याच्या खाचेत बिस्किटाच्या पुड्याचा कागद कोंबलेला होता. वाटाड्याने तो काढला, खिशात घातला, कवटीला हात लावून कपाळाला लावला आणि आम्हाला म्हणाला, चला, ढग येतायत.

ही हाडं बाहेरच्या जगाला कळली ती १९४२ मध्ये. नंदादेवीच्या राखीव वनाचे रेंजर हरिकृष्ण मधवाल तिथे पोचले आणि त्यांनी वर कळवलं. वाणच्या लोकांना ती आधीपासून माहीत होती. जसधवलाची गाणी ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला तळ्यात हाडं आहेत हे सांगावं लागत नाही. पण सरकारदरबारी नोंद झाली ती महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, आणि पहिला तर्क निघाला की हे चोरवाटेने शिरलेले जपानी सैनिक असावेत. हाडं जुनी आहेत हे लवकरच दिसलं आणि तो तर्क मागे पडला. मग दुसरा आला. जम्मूचा सेनानी जोरावरसिंग १८४१ मध्ये तिबेटात मारला गेला, त्याचे परतणारे शिपाई वाट चुकून इथे गारठले असतील. आणखी कोणी मुहम्मद तुघलकाच्या हिमालयातल्या फसलेल्या मोहिमेपर्यंत गेलं. प्रत्येक तर्कात मेलेले सैनिकच होते. इतक्या उंचीवर एवढी माणसं दुसऱ्या कशासाठी येतील, असा विचार करणाऱ्यांना खालच्या गावातली गाणी ऐकावीशी वाटली नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

ती ऐकणारा एक माणूस होता. कैलास-मानसरोवराच्या भूगोलावर आयुष्यभर काम केलेले स्वामी प्रणवानंद १९५० च्या दशकात रूपकुंडाला गेले आणि हे यात्रेकरू असावेत, जसधवलाच्या कथेत खऱ्या घटनेचा धागा असावा, असं त्यांनी मांडलं. त्याच सुमाराला लखनौ विद्यापीठातले मानववंशशास्त्रज्ञ धीरेंद्रनाथ मजुमदार यांनीही तिथल्या हाडांचा अभ्यास केला. त्या काळी काही हाडांना अजून मांस आणि केस चिकटलेले होते, इतकी ती थंडीत टिकलेली होती. कार्बन चाचणीचं तंत्र तेव्हा नवं होतं, काळाचा नेमका अंदाज लागला नाही आणि प्रश्न तिथेच राहिला.

यापुढचा टप्पा पुण्याचा आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. येरवड्याचं डेक्कन कॉलेज हे हसमुख सांकलिया आणि इरावती कर्वे यांच्या कामाने उभं राहिलेलं ठिकाण. मातीतून निघालेल्या हाडाकडे माणूस म्हणून पाहायची शिस्त तिथे रुजली. २००३-०४ च्या सुमाराला नॅशनल जिओग्राफिकच्या मदतीने जी मोहीम रूपकुंडाला गेली तिच्यात डेक्कन कॉलेजचे शारीर-मानवशास्त्रज्ञ सुभाष वाळिंबे होते. तळ्यापाशी हाडांबरोबर काचेच्या बांगड्या, अंगठी, भाल्याचं टोक, चामड्याची पादत्राणं, बांबूच्या काठ्या सापडल्या. बांगड्या सापडल्या म्हणजे बायका होत्या, आणि बायका होत्या म्हणजे ही फौज नव्हे. काही कवट्यांवर वरून बसलेले, आखूड पण खोल तडे होते. अंगावर इतरत्र शस्त्राच्या जखमा नव्हत्या. डोक्यावर आणि खांद्यावर वरून गोल, जड काहीतरी आपटलं असावं, म्हणजे मोठ्या गारा, असा निष्कर्ष निघाला. ऑक्सफर्डमध्ये केलेल्या चाचणीत काळ आला इसवी सन ८५० च्या आसपासचा. जागरातल्या लोखंडी गारांचा आणि प्रयोगशाळेचा सूर एक झाला आणि वर्तमानपत्रांनी रूपकुंडाचं कोडं सुटल्याचं छापून टाकलं. त्या वर्षी मी वर्गात मुलांना ही बातमी वाचून दाखवली होती. लोकगीताला पुरावा म्हणून वाचता येतं, हे नववीच्या मुलांना सांगायला याहून चांगलं उदाहरण मला मिळालं नव्हतं.

ऑगस्ट २०१९ मध्ये नेचर कम्युनिकेशन्समध्ये एक शोधनिबंध आला आणि सगळं पुन्हा उलगडावं लागलं. हैदराबादचं सीसीएमबी, लखनौची बिरबल साहनी संस्था, हार्वर्ड अशा अनेक संस्थांचं ते एकत्रित काम होतं आणि लेखकांत डेक्कन कॉलेजच्या वीणा मुश्रीफ-त्रिपाठी आहेत. अडतीस जणांच्या हाडांतून जनुकीय माहिती मिळाली. त्यांतले २३ भारतीय उपखंडातल्या वंशांचे निघाले. चौदा जण पूर्व भूमध्य समुद्राकडचे, आजच्या ग्रीस-क्रीटच्या लोकांशी जवळचे. एक आग्नेय आशियातला. आणि हे तीन गट एकाच वेळचे नव्हते. उपखंडातली माणसं सातव्या ते दहाव्या शतकातली, भूमध्यवाली आणि आग्नेय आशियातला एकटा माणूस मात्र फार अलीकडचे, साधारण १८०० च्या आगेमागे मेलेले.

हा निबंध मी अनेकदा वाचला आहे आणि दर वेळी मला त्या २३ जणांपाशी थांबावंसं वाटतं. सगळ्यांनी त्या चौदा परदेशी माणसांचीच चर्चा केली. ते कोण, कशासाठी आले, हे आजही उकललेलं नाही. पण २३ जणांनी जे सांगितलं ते कमी मोलाचं नाही. ते एका गावचे, एका जातीचे, एका घरचे नव्हते. त्यांच्यात जवळचं नातं सापडलं नाही. उपखंडाच्या वेगवेगळ्या भागांतून आलेले स्त्री-पुरुष होते. हाडांतल्या कार्बनवरून आहार काढला तर काहींच्या ताटात गहू-तांदूळ जास्त, काहींच्या ताटात भरड धान्य. सगळे एकाच दिवशीही मेलेले नाहीत. वेगवेगळ्या वेळी, कदाचित पिढ्यांच्या अंतराने आलेल्या टोळ्या असाव्यात. हाडांच्या तपासणीत दाबाने पडलेले, न भरून आलेले तडे तिघांच्याच हाडांत दिसले. म्हणजे गारा पडल्या असतील, त्यांत माणसं मेली असतील, पण सगळा ढीग एका गारपिटीचा नव्हे. साथीच्या रोगाचे जंतूही सापडले नाहीत.

मग उरतं काय? हजार-बाराशे वर्षांपूर्वी उपखंडाच्या वेगवेगळ्या मुलखांतून माणसं इथे येत होती. त्या भागातल्या देवळांत आठव्या ते दहाव्या शतकातले शिलालेख आहेत, म्हणजे यात्रा तेव्हा चालत होत्या. माझं मत स्पष्ट आहे. जसधवलाची कथा ही एका राजाची बखर नसेल, पण या वाटेवर वारंवार घडलेल्या मरणांची ती एकत्र केलेली आठवण आहे. पिढ्यानपिढ्या यात्रेकरू वर गेले, काही परतले नाहीत, आणि खालच्या गावांनी त्या सगळ्यांना एका राजाच्या नावाखाली लक्षात ठेवलं. वेगळ्या भाषांच्या, वेगळ्या जातींच्या अनोळखी लोकांचं मरण वाणच्या लोकांनी गाण्यात जपलं, हे मला त्या २०१९ च्या निबंधाने अधिक स्पष्ट दिसलं. निबंधाने कथा खोटी पाडली असं जे म्हणतात त्यांनी तो नीट वाचलेला नाही.

आता आपल्याबद्दल, म्हणजे ट्रेकर्सबद्दल. ग्वालदमहून वाणमार्गे कुआरी खिंडीकडे जाणारी जुनी वाट इंग्रजांच्या काळापासून कर्झन ट्रेल म्हणून प्रसिद्ध होती, त्यामुळे वाणला बाहेरची माणसं नवीन नव्हती. पण ती वाट गावाजवळून आडवी निघून जाते. वर तळ्यापर्यंत दर वर्षी, दर मोसमात तुकड्यांमागून तुकड्या नेण्याची पद्धत अगदी अलीकडची. पुणे, मुंबई, बंगळुरू, दिल्ली, सगळीकडून माणसं येऊ लागली. बेदिनी आणि अली या बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांवर, तंबूंच्या वसाहती उभ्या राहिल्या, खेचरांच्या खुरांनी गवताचा थर फाटला. बुग्यालाचं गवत दिसतं जाड गालिच्यासारखं, पण त्याखाली माती वीतभर असते. एकदा ती उघडी पडली की पुढच्या पावसात ओघळ पडतो, ओघळाचा नाला होतो, आणि पुन्हा गवत धरायला अनेक वर्षं जातात, कारण वर्षातले पाच-सहा महिने वर बर्फ असतं. आणि तळ्यावरची हाडं कमी होत गेली. २०१९ च्या निबंधातही म्हटलं आहे की दरडी आणि बर्फाबरोबर माणसांनीही हाडं हलवली आहेत. कोण कुठे मेलं, कोणाशेजारी कोण होतं, हे पुरातत्त्वज्ञाला सांगणारी मांडणी कायमची गेली.

२०१४ च्या राजजातीनंतर अली-बेदिनी-बागजी बुग्यालांच्या रक्षणासाठी तिथल्याच लोकांनी न्यायालयाचं दार ठोठावलं होतं. ऑगस्ट २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने निकाल दिला. बुग्यालांवर रात्रीचा मुक्काम बंद, येणाऱ्यांची संख्या २०० पर्यंत मर्यादित, वर उभारलेले फायबरचे पक्के निवारे काढून टाकायचे. वाणहून रूपकुंड एका दिवसात होत नाही. मुक्काम बंद म्हणजे ट्रेक बंद.

हा निकाल आला तेव्हा ट्रेकिंगच्या वर्तुळात फार हळहळ झाली. मला निकाल योग्य वाटला आणि आजही वाटतो. त्याची किंमत मात्र आपण दिली नाही, ती वाण आणि लोहाजंगने दिली. खेचरवाले, पोर्टर, स्वयंपाकी, दुकानदार, घरात पाहुणे ठेवणारे, सगळ्यांचा मोसम एका झटक्यात गेला. आमच्या वाटाड्याने खेचरं विकली. फोनवर तो मला म्हणाला की देवीच्या यात्रेला माणसं वर जातात तेव्हा डोंगर चालतो, आणि आमचं पोट भरायची वेळ आली की डोंगराला त्रास होतो. या बोलण्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्या गावाने ही वाट पिढ्यानपिढ्या सांभाळली त्याला विश्वासात न घेता ती उघडली गेली, आणि बंदीचा भारही त्यालाच उचलावा लागला. यावर मार्ग काढायचा तर गावालाच ठरवू द्यायला हवं की वर्षाला किती माणसं, कोणत्या महिन्यात, कुठपर्यंत. राजजात आणि लोकजातीचं गणित त्यांना पूर्वापार येतं.

एक गोष्ट मात्र आपल्या हातात आहे. रूपकुंडाहून आणलेलं हाड, दात, कवटीचा तुकडा पुण्या-मुंबईच्या कपाटांत आहे, हे मी कानांनी ऐकलेलं आहे आणि एका घरी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. तो आठवणीचा दगड नाही. तो कोणाचातरी, बहुधा यात्रेला निघालेल्या कोणाचातरी देह आहे. ज्यांच्याकडे असं काही असेल त्यांनी ते चमोलीच्या वनखात्याकडे लेखी पत्र लिहून परत करावं. आणि ज्यांना ही वाट चालायची ओढ आहे त्यांनी भाद्रपदात वाणला जावं, गावातल्या घरी राहावं, त्यांच्या हातचं जेवावं, त्याचे पूर्ण पैसे द्यावेत आणि लोकजातीबरोबर, गाव नेईल तिथपर्यंतच चालावं.